पाम तेल, सुमात्राचा वाघ आणि आपला किराणा

खाद्यतेलाची बातमी आपल्याकडे भावाचीच असते. एप्रिल २०२२च्या अखेरीस इंडोनेशियाने पाम तेलाची निर्यात तीन-साडेतीन आठवडे बंद केली, तेव्हा डबा कितीने महागणार याची चर्चा झाली. मे २०२५च्या अखेरीस केंद्र सरकारने कच्च्या पाम, सोयाबीन आणि सूर्यफूल तेलावरचं मूळ आयात शुल्क २० टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आणलं, तेव्हा डबा कितीने उतरणार याची. हे तेल कुठल्या जमिनीतून येतं आणि त्या जमिनीवर आधी काय होतं, हा प्रश्न मात्र कधी बातमीत येत नाही.

तो यायला हवा, कारण जगात सर्वांत जास्त पाम तेल आयात करणारा देश भारत आहे. आपण वर्षाला साधारण ८० ते ९० लाख टन पाम तेल आणतो, आणि ते मुख्यतः इंडोनेशिया आणि मलेशियातून येतं. जगातलं ८५ टक्क्यांच्या आसपास पाम तेल या दोन देशांतच तयार होतं. इंडोनेशियात पामच्या बागांचा सर्वांत जुना आणि मोठा पट्टा सुमात्रा बेटावर आहे. त्या देशाचे उरलेले वाघही फक्त तिथेच आहेत. बालीचा वाघ १९४०च्या दशकात संपला, जावाचा १९७०-८०च्या दशकांत. सुमात्राचे वाघ आज बहुतेक अंदाजांनुसार ४०० ते ६०० उरलेत.

आधी झाड समजून घेऊ

तेलाचा पाम मूळचा पश्चिम आफ्रिकेतला. १८४८मध्ये त्याची चार रोपं जावा बेटावरच्या बोगोरच्या वनस्पती उद्यानात लावली गेली आणि १९११च्या सुमारास सुमात्रात त्याच्या व्यापारी बागा सुरू झाल्या. लागवडीनंतर तिसऱ्या वर्षी फळ धरतं आणि झाड पंचवीसेक वर्षं चालतं. त्यानंतर ते इतकं उंच होतं की घड काढणं परवडत नाही, म्हणून बाग तोडून नवी लावतात. एका घडाचं वजन १० ते २५ किलो आणि त्यात शेकडो फळं. फळाच्या गरातून निघतं ते पाम तेल. आतल्या बीमधून निघतं ते पाम कर्नेल तेल. दुसरं गुणाने खोबरेल तेलाच्या जवळचं असल्याने साबण आणि सौंदर्यप्रसाधनांत जास्त जातं.

पुढच्या सगळ्या गोष्टी ज्यावर उभ्या आहेत, ती बाब इथेच नोंदवून ठेवतो. घड तोडल्यावर एक-दोन दिवसांत गिरणीत पोचलाच पाहिजे. उशीर झाला की फळातली विकरं (एन्झाइम) तेलाचं विघटन करू लागतात, आम्लता वाढते आणि भाव पडतो. म्हणून गिरणी बागेजवळच हवी. ताशी ३० टन घड पेलणारी गिरणी पूर्ण क्षमतेने चालवायची तर भोवती ५ ते १० हजार हेक्टर बाग लागते. गिरणी उभी राहिली की ती रोज घड मागते. आसपासच्या प्रत्येक मोकळ्या तुकड्यावर पाम लावायला गिऱ्हाईक तयार असतं. घड आणायला रस्ते पडतात. जंगलाच्या कडेला एक गिरणी उभी राहणं म्हणजे वीस-तीस किलोमीटरच्या परिघातल्या जंगलावर दाब येणं.

आपल्या घरात ते नेमकं कुठे असतं?

रेशनवरचं किंवा पिशवीतलं पामोलिन तर सरळ दिसतं. थंडीत तळाशी थिजतं तेच. २०२२च्या दिवाळीत राज्य सरकारने १०० रुपयांत दिलेल्या ‘आनंदाचा शिधा’मध्ये रवा, चणाडाळ आणि साखरेबरोबर एक लिटर पाम तेल होतं. पण घरात येणाऱ्या पाम तेलाचा मोठा भाग न दिसणारा आहे. बिस्किटं, खारी, टोस्ट, क्रीम रोल, इन्स्टंट नूडल्स, वेफर्स, आइस्क्रीमसारखी गोठवलेली मिठाई, सुटं फरसाण, हॉटेलातल्या कढईतलं तेल. शिवाय अंगाचा साबण, शाम्पू, दाढीचा फेस, लिपस्टिक.

इतक्या ठिकाणी तेच का? पाम तेल नेहमीच्या तापमानाला अर्धवट घट्ट असतं. थंड करून गाळलं की त्याचे दोन भाग होतात: पातळ भाग पामोलिन, घट्ट भाग स्टिअरिन. म्हणजे तळणालाही चालतं आणि बिस्किटाला खुसखुशीतपणाही देतं. पूर्वी हा घट्टपणा आणायला पातळ तेलात हायड्रोजन सोडून वनस्पती तूप करत, आणि त्यात ट्रान्स फॅट तयार होई. जानेवारी २०२२पासून आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ट्रान्स फॅटची मर्यादा २ टक्क्यांवर आणली. आरोग्यासाठी हा निर्णय योग्यच होता. मात्र त्यामुळे बेकरीवाल्यांसाठी पामचं महत्त्व आणखी वाढलं. या तेलाला स्वतःचा वास-चव जवळजवळ नसते, तळताना ते लवकर खराब होत नाही, आणि बहुतेक वेळा सगळ्यांत स्वस्त असतं.

पाकिटावर पाहायचं असेल तर घटकांच्या यादीत ‘पामोलिन’, ‘रिफाइंड पाम तेल’ किंवा ‘वनस्पती स्निग्धांश (पाम)’ असं सापडतं. ‘इमल्सिफायर ४७१’ हा बहुधा पामपासून केलेला असतो, पण इतर तेलांपासूनही होतो, त्यामुळे त्यावरून खात्री देता येत नाही. साबणावर ‘सोडियम पामेट’ आणि ‘सोडियम पाम कर्नेलेट’ हे शब्द शोधा.

आता हिशोब करू. ८५ लाख टन भागिले १४० कोटी माणसं, म्हणजे डोई सहा किलो. चौघांच्या घराला वर्षाला २४-२५ किलो. एका हेक्टरात साधारण १४० झाडं बसतात आणि इंडोनेशियात सरासरी साडेतीन टनांच्या आसपास तेल निघतं. म्हणजे एक झाड वर्षाला सुमारे २५ किलो तेल देतं. चार माणसांच्या प्रत्येक भारतीय घरासाठी परमुलखात पामचं एक झाड बारमाही उभं आहे. सगळी घरं मिळून हे क्षेत्र साधारण २४ ते २५ लाख हेक्टर होतं: पुणे आणि सातारा हे दोन जिल्हे जवळपास पूर्ण भरतील एवढं. हे सगळं जंगल तोडूनच झालं असं नाही. जुन्या रबराच्या बागांवर, शेतीवर आणि अनेक दशकांपूर्वी उघड्या झालेल्या जमिनीवरही पाम आहे. पण मागणीचा आकार डोळ्यांपुढे असलेला बरा.

वाघ आणि पाम, दोघांना एकच जमीन हवी

पामला उष्ण, सपाट, सखल आणि भरपूर पावसाची जमीन लागते. उंचीवर गेलं की उत्पादन घटतं, उतारावर घड काढणं आणि वाहणं अवघड होतं. सुमात्राच्या वाघासाठीही सर्वांत चांगली जमीन तीच, कारण सांबर, भेकर, रानडुक्कर आणि टापीर (लांब नाकाचा, डुकरासारखा दिसणारा प्राणी) हे त्याचं भक्ष्य सखल जंगलात जास्त असतं. सुमात्राच्या पश्चिमेला बुकित बारिसान ही डोंगररांग आहे आणि पूर्वेला रिआऊ, जांबी, दक्षिण सुमात्रा या प्रांतांची रुंद मैदानं. गेल्या चाळीस वर्षांत मैदानं गेली, डोंगर उरले. १९८५नंतरच्या पंचवीस वर्षांत बेटावरचं नैसर्गिक जंगल जवळजवळ निम्म्यावर आलं.

‘डोंगरात जंगल आहे ना शिल्लक, वाघ तिथे राहतील’ असं म्हणणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. वर्षावनात वाघ मुळातच विरळ असतो. विदर्भातल्या पानगळीच्या जंगलात ऊन जमिनीपर्यंत पोचतं, गवत वाढतं, त्यावर चितळांचे कळप जगतात. म्हणून ताडोबात शंभर चौरस किलोमीटरला पाच-सहा वाघ मावतात. वर्षावनात हिरवा पाला तीस-चाळीस मीटर उंचीवर असतो, खाली अंधार, गवत जवळपास नाही. हरणं कमी म्हणून वाघ कमी: बहुतेक ठिकाणी शंभर चौरस किलोमीटरला एखादा, फार तर दोन. तेवढेच वाघ टिकवायला तिथे ताडोबाच्या कित्येक पट जंगल लागतं, आणि ते सलग लागतं.

सलग का, तर वाघांचा छोटा गट एकटा पडला की त्याचं भवितव्य आकड्यांच्या खेळावर जातं. एका वर्षी दोन माद्या फासात गेल्या किंवा एखादा रोग आला, तर पाच-सात माद्यांचा गट पुन्हा उभा राहत नाही. जवळच्या नात्यातली वीण होत राहते ती वेगळीच. बाहेरून नवा नर यायचा तर मधे भ्रमणमार्ग हवा. २०१७मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात असं दिसलं की न तोडलेल्या मूळ जंगलातली वाघांची घनता तोड झालेल्या जंगलाच्या जवळजवळ दीडपट आहे, आणि प्रजननक्षम माद्या तीसपेक्षा जास्त असतील असे गट संपूर्ण बेटावर दोनच उरलेत: उत्तरेचं गुनुंग लेउसर आणि मध्य-पश्चिमेचं केरिन्ची सेब्लात, या दोन राष्ट्रीय उद्यानांत. विशेष म्हणजे त्याच अभ्यासाला उद्यानांमध्ये वाघांची घनता वाढलेली दिसली. राखणीचा उपयोग होतो. पण बाहेरचं जंगल ज्या वेगाने गेलं त्यापुढे ती वाढ पुरली नाही.

जंगलच का तोडतात? पडीक जमीन नाही का?

आहे, आणि बरीच आहे. जुन्या तोडीनंतर ‘आलांग-आलांग’ या ताठ गवताने व्यापलेली लाखो हेक्टर जमीन इंडोनेशियात पडून आहे, आणि तिथे पाम लावता येतो. तरी जंगलच निवडलं गेलं, त्याची कारणं हिशोबाची आहेत.

पहिलं कारण लाकूड. पाम तीन वर्षं काहीच देत नाही. जमीन साफ करणं, चर काढणं, रोपं, खत, मजुरी हा सगळा खर्च आधी. जंगल असेल तर मोठी झाडं प्लायवूडला आणि उरलेली कागदाच्या लगद्याला विकून त्या तीन वर्षांचा खर्च निघतो. गवताळ पडीक जमीन असा पैसा देत नाही. दुसरं कारण मालकी. पडीक जमिनीवर कुणा ना कुणाचा हक्क असतो, गावोगाव बोलणी करावी लागतात. जंगल कागदोपत्री सरकारचं, त्यामुळे एका परवान्यात हजारो हेक्टर मिळतं; त्यात राहणाऱ्या आदिवासी समाजांच्या पारंपरिक हक्काची नोंदच नसते. तिसरं कारण वर्गवारी. आधी तोडीचा परवाना निघतो, मोठी झाडं जातात. मग तेच जंगल ‘अवनत’ ठरतं आणि लागवडीसाठी खुलं होतं. वाघ अजून तिथेच असतो.

पूर्व किनाऱ्यावर याहून वाईट गोष्ट घडली. तिथलं जंगल ‘पीट’वर उभं आहे. पीट म्हणजे हजारो वर्षं पाण्याखाली साचलेला, अर्धवट कुजलेला पालापाचोळा, काही ठिकाणी दहा मीटरहून खोल. पामच्या मुळांना साचलेलं पाणी चालत नाही, म्हणून कालवे खणून पाणी काढतात. पाणी गेलं की पीट कोरडं पडतं, कुजू लागतं आणि जमीन वर्षाला काही सेंटीमीटर खचत जाते. कोरडं पीट पेटलं तर आग जमिनीखाली धुमसत राहते, वरून पाणी मारून विझत नाही. २०१५मध्ये इंडोनेशियात सुमारे २६ लाख हेक्टर जळलं. जागतिक बँकेने नुकसान १६ अब्ज डॉलर धरलं. सिंगापूर-मलेशियापर्यंत आठवडेच्या आठवडे धूर होता. शिवाय खचत गेलेली जमीन शेवटी समुद्रसपाटीच्या आसपास येते आणि बागेत पाणी शिरतं. म्हणजे ज्या बागेसाठी जंगल घालवलं ती बागही कायमची राहत नाही.

बागेतही झाडंच असतात. वाघ तिथे का राहत नाही?

वाघाला झाडांपेक्षा जमिनीलगतचा आडोसा महत्त्वाचा असतो. रिआऊत झालेल्या कॅमेरा ट्रॅप अभ्यासांत वाघ जंगलाच्या कडेच्या दाट झुडपांत, कागदाच्या लगद्यासाठी लावलेल्या अकेशियाच्या झाडांत अधूनमधून दिसला, पामच्या बागेत फारच कमी. घड वेचता यावेत म्हणून झाडाखालचं गवत-झुडूप तणनाशक मारून साफ ठेवलेलं असतं, आणि दर आठवड्या-पंधरवड्याने माणसं फिरतात. अशा जागेत दबा धरता येत नाही, पिलं लपवता येत नाहीत.

पण रानडुक्कर तिथे येतं. गळून पडलेली तेलकट फळं त्याला फुकटचं खाद्य. डुकरं रोपांचे कोंब उकरतात, म्हणून बागेच्या कडेने तारेचे फास लावले जातात. डुकरांमागे वाघ येतो आणि त्याच फासात अडकतो. फास सुटला तरी तारेने पाय कापला जातो, सांबर मारणं जमत नाही आणि असा वाघ गावातल्या बकऱ्यांकडे वळतो. बागेसाठी झालेल्या रस्त्यांवरून शिकारीही आत पोचतात. कातडं, हाडं आणि दातांना काळ्या बाजारात आजही गिऱ्हाईक आहे. केरिन्ची सेब्लातमध्ये २०००पासून गस्तीपथकं पायी फिरून फास काढतात. एका फासाला तारेचा हातभर तुकडा आणि वाकवलेली फांदी पुरते, तो शोधायला चार माणसांचा दिवस जातो.

माणसांचंही रक्त सांडतं. २०१८च्या सुरुवातीला रिआऊतल्या इंद्रागिरी हिलिर जिल्ह्यात ‘बोनिता’ नावाच्या वाघिणीने दोघांचा जीव घेतला; त्यातली एक पामच्या बागेत काम करणारी होती. कित्येक आठवडे मोहीम चालली आणि एप्रिलमध्ये तिला बेशुद्ध करून पकडलं. चंद्रपूर-गडचिरोलीच्या वाचकांना हे वेगळं सांगायला नको. जंगलाच्या कडेला राबणाऱ्या माणसाला हे संकट त्याने निवडलेलं नसतं, वाघालाही नसतं. कडा लांबत गेली की गाठ पडण्याच्या जागा वाढतात.

राष्ट्रीय उद्यानं कशासाठी आहेत मग?

रिआऊतलं तेसो निलो पाहा. २००४मध्ये सखल वर्षावन वाचवायला हे राष्ट्रीय उद्यान झालं, पुढे वाढून सुमारे ८१ हजार हेक्टरचं झालं. हत्ती आणि वाघ दोघांचं घर. आज त्यातलं बहुतांश पामखाली आहे. वाहनं जातील असे रस्ते शेजारच्या लगदा-लागवडींसाठी आधीच पडले होते. त्यावरून लोक आले, जमिनीचे तुकडे बेकायदा विकले गेले, हजारो कुटुंबं वसली. यातले बरेच गरीब आणि दुसऱ्या प्रांतांतून आलेले, तर काही तुकड्यांमागे दूर शहरात बसलेले पैसेवाले. २०२५मध्ये सरकारने ताबा परत घेण्याची मोहीम सुरू केली, तेव्हा पहिला प्रश्न या कुटुंबांना न्यायचं कुठे हाच होता.

ग्राहकाच्या दृष्टीने महत्त्वाचं वेगळंच. उद्यानातला घड उद्यानात राहत नाही. तो पिकअपमध्ये पडतो, दलालाकडे जातो, तिथे कायदेशीर बागांतल्या घडांबरोबर एका ट्रकमध्ये चढतो आणि गिरणीत पोचतो. २०१३मध्ये डब्ल्यूडब्ल्यूएफ या वन्यजीव संस्थेच्या इंडोनेशिया शाखेने अशा ट्रकांचा माग काढून हे दाखवून दिलं होतं. गिरणीत वाफ, मळणी आणि दाब यांतून एकदा तेल निघालं की त्याचा माग संपतो. गावोगावचं दूध संकलन केंद्रावर एका टाकीत ओतल्यावर ‘यातलं अमक्याच्या म्हशीचं कुठलं’ हे जसं सांगता येत नाही, तसंच. टाकीत पडण्याआधी, प्रत्येकाच्या कॅनपाशीच तपासणी झाली तर झाली. पाम तेलात तो कॅन म्हणजे गिरणीचं फाटक.

याच रस्त्याने कागदही येतो. सुमात्रात पीट जमिनीवर अकेशियाच्या पाच-सहा वर्षांच्या पिकातून लगदा होतो आणि त्यातून छपाईचा कागद, टिश्यू, खोकी. एशिया पल्प अँड पेपर या कागद कंपनीने २०१३मध्ये आणि ‘एप्रिल’ (APRIL) नावाच्या दुसऱ्या कागद समूहाने २०१५मध्ये नैसर्गिक जंगल तोडणार नाही असं जाहीर केलं. तोवर मैदानातलं फार थोडं उरलं होतं.

तोड आता कमी झाली आहे, मग एवढी काळजी का?

कमी झाली हे खरं आहे आणि ते मोकळेपणाने सांगायला हवं. इंडोनेशियात मूळ जंगलाची तोड २०१६नंतर बरीच उतरली. मूळ जंगल आणि पीटवरच्या नव्या परवान्यांची २०११ची स्थगिती २०१९मध्ये कायमची झाली, मोठ्या व्यापाऱ्यांनी २०१३पासून ‘जंगलतोड नाही, पीट नाही, पिळवणूक नाही’ अशी धोरणं घेतली, आणि काही वर्षं पामचा भावही पडलेला होता. मात्र नव्या पाम परवान्यांवरची २०१८ची तीन वर्षांची स्थगिती २०२१मध्ये संपली आणि वाढवली गेली नाही. इंडोनेशिया आता स्वतःच्या डिझेलमध्ये पामचं इंधन मिसळतो. २०२५मध्ये ते प्रमाण ४० टक्क्यांवर गेलं. मागणी फक्त आपल्या फरसाणाची नाही. आणि वाघांच्या बाबतीत उरलेला प्रत्येक सखल तुकडा आता अधिक मोलाचा आहे: सुमात्राच्या उत्तर टोकावरच्या आचे प्रांतातल्या रावा सिंगकिल अभयारण्याचं पीटवरचं जंगल अजूनही तुकड्यातुकड्याने पोखरलं जातंय.

मग पाम तेलच सोडून द्यावं?

पाम बंद केला तर ती गरज दुसऱ्या तेलाकडे जाईल. हेक्टरी पाम साडेतीन टन देतो. सूर्यफूल आणि मोहरीवर्गीय रेपसीड पाऊण टनाच्या आसपास, सोयाबीन जेमतेम अर्धा टन. तेवढंच तेल सोयाबीनमधून काढायचं तर सात-आठ पट जमीन लागेल, आणि आपण आयात करतो ते सोयाबीन तेल मुख्यतः अर्जेंटिना-ब्राझीलमधून येतं, जिथे गवताळ-झाडोऱ्याची जंगलं नांगराखाली जात आहेत. शिवाय इंडोनेशियातल्या पाम क्षेत्रापैकी ४० टक्क्यांच्या आसपास लहान शेतकऱ्यांचं आहे. त्यांच्या घडाला भाव नाही मिळाला म्हणून तोडलेलं जंगल परत येत नाही.

याच लहान शेतकऱ्यांकडे उपायाचा मोठा भाग आहे, आणि तो फारसा चर्चेत नाही. चांगल्या बागा हेक्टरी पाच-सहा टन तेल देतात, लहान शेतकऱ्याला दोन-तीनच मिळतं. पहिलं कारण रोप. जाड कवचाचा ‘ड्युरा’ आणि कवच नसलेला ‘पिसिफेरा’ यांच्या संकरातून पातळ कवचाचा ‘टेनेरा’ होतो, त्यात गर जास्त. बाजारात टेनेरा म्हणून विकलेलं रोप पुष्कळदा झाडाखाली पडलेल्या फळातून उगवलेलं असतं आणि त्यात ड्युरा निघतो. फसवणूक कळते तीन-चार वर्षांनी, फळ कापल्यावर. तोवर पुढची वीस वर्षं बांधली गेलेली असतात. खात्रीचं रोप, वेळेवर खत, दहा-पंधरा दिवसांनी नेमाने काढणी आणि जुनी बाग बदलायला कर्ज, एवढं झालं तर एक झाड न तोडता बरंच तेल वाढेल.

प्रमाणपत्र असलेलं घेतलं की झालं?

२००४मध्ये स्थापन झालेल्या ‘आरएसपीओ’ या संस्थेचं शाश्वत पाम तेलाचं प्रमाणपत्र २००८पासून मिळतं. जगातलं सुमारे पाचव्या हिश्शाचं पाम तेल त्याखाली येतं. ते चार प्रकारांनी विकलं जातं. एकाच ठरावीक गिरणीचं वेगळं ठेवलेलं. अनेक प्रमाणित गिरण्यांचं एकत्र, पण इतरांपासून वेगळं. प्रमाणित आणि साधं मिसळून फक्त वजनाचा हिशोब जुळवलेलं. आणि तेल कुठलंही, पैसे प्रमाणित उत्पादकाला अशी पावती. शेवटच्या दोन प्रकारांत तुमच्या साबणात प्रत्यक्ष कुठलं तेल आहे हे सांगता येत नाही. तरी मिसळलेलं प्रमाणित तेल काही न विचारता घेतलेल्यापेक्षा बरं, कारण निदान पैशाचा काही भाग योग्य बागेकडे जातो. पाकिटावर प्रकार लिहिलेला असेल तर वाचावा.

युरोपीय संघाने २०२३मध्ये कायदा केला: ३१ डिसेंबर २०२०नंतर जंगल तोडून झालेला पाम, कॉफी, कोको, सोया, रबर, लाकूड आणि गोमांस आत येणार नाही, आणि प्रत्येक शेताचे अक्षांश-रेखांश द्यावे लागतील. अंमलबजावणी दोनदा पुढे ढकलली गेली आहे. लहान शेतकऱ्याला नकाशे आणि कागदपत्रं परवडत नाहीत ही तक्रार रास्त आहे. पण एक धोका आपल्याशी थेट जोडलेला आहे: स्वच्छ तेल युरोपला आणि प्रश्न असलेलं तेल न विचारणाऱ्या बाजाराला, अशी विभागणी सहज होऊ शकते. न विचारणारा सर्वांत मोठा बाजार आपला आहे.

भारतातच पाम लावला तर?

ऑगस्ट २०२१मध्ये केंद्राने ११,०४० कोटी रुपयांचं पाम तेल अभियान मंजूर केलं. भर ईशान्य भारत आणि अंदमानवर. सध्याचं देशी उत्पादन जवळजवळ सगळं आंध्र प्रदेश आणि तेलंगणातलं, तेही बहुतेक जुन्या शेतजमिनीवर. तिथला प्रश्न पाण्याचा: उन्हाळ्यात एका झाडाला रोज दीड-दोनशे लिटर पाणी लागतं. ईशान्येतला प्रश्न जंगलाचा. मिझोरममध्ये डाम्पा व्याघ्र प्रकल्पाच्या परिसरात पाम लावला गेला, आणि तिथल्या पक्ष्यांच्या अभ्यासात पामच्या बागेत पारंपरिक झूम (फिरत्या) शेतीपेक्षाही कमी जाती आढळल्या. झूमची जमीन काही वर्षांनी पुन्हा रानाला मिळते, पामची पंचवीस वर्षं मिळत नाही. शिवाय डोंगराळ भागात घड दोन दिवसांत गिरणीत पोचत नाही, म्हणजे शेतकऱ्याच्याही हाती फार लागत नाही. शेतजमिनीवर, पाणी पाहून लावायला हरकत नाही. जंगलाच्या कडेला नको.

एका घराने काय फरक पडणार?

रेशनवर मिळेल ते तेल घेणाऱ्या घराला ‘वाघासाठी महाग तेल घ्या’ असं सांगणं अन्यायाचं आहे. हा भार विकत घेणाऱ्या कंपन्यांनी आणि सरकारने उचलावा. रेशनसाठी किंवा सणाच्या शिध्यासाठी तेल घेताना निविदेत ‘कुठल्या गिरण्यांमधून’ ही एक अट घालता येते. असं तेल बाजारात आहे, मलेशिया-इंडोनेशियातले मोठे पुरवठादार युरोपला तेच देतात.

ज्यांना निवड आहे त्यांच्यासाठी: तळणीच्या पाकिटांचं प्रमाण कमी करणं हे डॉक्टरही सांगतात. घरच्या फोडणीला शेंगदाणा, करडई, मोहरी, तीळ, खोबरेल यांपैकी जे जवळ पिकतं ते. साबण बदलून फारसा फरक पडत नाही, कारण पाम नसलेला साबणही बहुधा दुसऱ्या कुठल्या आयात तेलाचा असतो. जास्त वजन असतं ते मोठ्या खरेदीला: शाळेचं स्वयंपाकघर, कंपनीचं कँटीन, केटरर, बेकरी, फरसाणाचा कारखाना महिन्याला टनाच्या भाषेत तेल घेतात. तिथे ओळख असेल तर एक प्रश्न विचारा.

बिस्कीट किंवा साबण बनवणाऱ्या कंपनीच्या ग्राहक सेवेलाही तोच विचारा: तुमच्या पाम तेलाच्या गिरण्यांची यादी जाहीर आहे का? काही मोठ्या कंपन्या ती दरवर्षी संकेतस्थळावर टाकतात. चांगल्या यादीत गिरणीचं नाव, मालक कंपनी, अक्षांश-रेखांश आणि सर्वमान्य गिरणी क्रमांक असतो. अक्षांश-रेखांश असले की ती गिरणी उपग्रहाच्या नकाशावर पाहता येते: भोवतीच्या पन्नास किलोमीटरात राष्ट्रीय उद्यान आहे का, गेल्या पाच वर्षांत तिथली झाडी किती गेली. ‘आम्ही सर्व नियम पाळतो’ एवढंच उत्तर आलं तर यादी नाही असं समजावं आणि पुन्हा लिहावं. पुरवठादाराचं नाव आलं पण गिरणीचं नाही, तर माग बंदरापर्यंतच आहे. गिरणीचं आलं आणि ती घड कुणाकडून घेते ते आलं नाही, तर तेसो निलोतला पिकअप अजूनही त्या फाटकातून आत जाऊ शकतो. म्हणून तिसरा प्रश्न घडांच्या दलालांबद्दल विचारायचा.